गुण्याची वाटणी

काळतोंडी मेंढीनं पहिल्यांदा त्याला लाथ मारली. कुत्र्याचं मुठीएवढं पिल्लू घरंगळत जाळीच्या कुंपणापाशी गेलं आणि तिथंच डोळे मिटून कुईकुई करत पडलं.

"मरंल ते," आई म्हणाली. "वाटीत दूध द्या, हौसा पाजंल."

"वाटीतलं पिऊन वाढलं की कुत्रं माणसाचं हुतं," आबा म्हणाले. "मेंढीचं पिलं की मेंढराचं हुतं. आपल्याला मेंढराचं पायजे."

पिल्लाची आई फलटणच्या रस्त्यावर ट्रकखाली गेली होती आणि काळतोंडीचं कोकरू आदल्या दिवशी गारठ्यानं मेलं होतं. आबांनी त्या कोकराचं कातडं पिल्लाच्या पाठीवर बांधलं आणि मला मेंढीचं डोकं दोन्ही हातांनी धरायला सांगितलं. मी, हौसा, तेव्हा दहा वर्षांची होते. काळतोंडीनं हुंगलं, थांबली, पुन्हा हुंगलं. तिचा ताठलेला पाय सैल पडला. पिल्लू लुचायला लागलं, तशी तिनं मान वळवून त्याची शेपटी चाटली. सुंद्राकाकी फसकन हसली.

"बघा, आता मेंढीला कुत्रं झालं."

सुंद्राकाकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची, तात्याची बायको. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, वय अठराच्या आसपास. आम्ही माणदेशातले धनगर. दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड लादायचं आणि मेंढरं घेऊन पश्चिमेकडं चालायला लागायचं, पाऊस लागायच्या बेताला परत. आमच्या कुटुंबात आबा, आई, मी, तात्या आणि काकी अशी पाच माणसं. मला भाऊ नव्हता, बहीण नव्हती. आई सारखी कामात. माझी वेणी घालणारी, मला उवा बघायला मांडीवर घेणारी, माझ्याशी खडे खेळणारी ती काकीच.

पिल्लाचं नाव गुण्या ठेवलं. ते काकीनंच ठेवलं, आधी चेष्टेनं, कारण पहिल्या महिन्यात त्यात कसलाच गुण दिसत नव्हता. तात्याची पायताणं कुरतडायचं आणि कोकरांच्या कळपात कोकरू होऊन झोपायचं. मग एकदा नीरा ओलांडताना दोन कोकरं अलीकडच्या काठावर मागं राहिली. कुणाच्या ध्यानात आलं नाही. तळ पडला, चूल पेटली, भाकरी झाल्या, तरी गुण्या जेवायला येईना. आबा शोधत मागं गेले तर हा पाच महिन्यांचा जीव त्या दोन कोकरांना करवंदीच्या जाळीत कोंडून आडवा बसलेला. आबांनी कोकरं खांद्यावर घेतली आणि गुण्याला म्हणाले, "चल लेका, जेवायचं राह्यलंय तुझं." त्या दिवसापासून आई भाकऱ्या थापताना पाच माणसांच्या थापून झाल्या की न विसरता एक जास्तीची थापायची.

तरी त्याला चोरूनही हवी असायची. दुरडीवरचं फडकं दातानं बाजूला करायचा, एकच भाकरी काढायचा आणि फडकं पुन्हा ओढून ठेवायचा. आईनं पाळत ठेवून त्याला पकडलं, पण मारलं नाही.

"मागल्या जन्मी तलाठी हुता वाटतं," एवढंच म्हणाली.

भाऊबीजेला मी तोंड पाडून बसले होते. बाकीच्या बिऱ्हाडांतल्या पोरी आपापल्या भावांना ओवाळत होत्या. काकीनं ताट तयार केलं आणि गुण्याला कान धरून घोंगडीवर बसवलं.

"ओवाळ ह्याला. तुझ्या ताटात जेवतो, तुझ्या घोंगड्यात झोपतो. अजून भाऊ म्हंजी काय असतं?"

मी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. तो शहाण्यासारखा बसला, फक्त निरंजन जवळ आलं तेव्हा शिंकला. सगळे हसले. गुण्याच्या वतीनं आबांनी माझ्या हातावर खोबऱ्याची अख्खी वाटी ठेवली आणि म्हणाले, "भाऊ म्हनून ऱ्हाईल हा तुझ्याजवळ." पुढच्या भाऊबीजेलाही तसंच झालं. तोवर गुण्या माझ्या कमरेएवढा उंच झाला होता.

त्याच वर्षी, परतीच्या वाटेवर, आबांनी आणि तात्यानं वेगळं व्हायचं ठरवलं. भांडण नव्हतं. मेंढरं वाढली होती, एका माळावर सगळ्यांचं पोट भरत नव्हतं. तात्या दसऱ्यानंतर भोरकडून कोकणात उतरणार, आम्ही नेहमीच्या वाटेनं जाणार, असं ठरलं. मला त्यातलं एकच कळत होतं, काकी जाणार. आणि दुसरं एक होतं, ते मी कुणाला बोलत नव्हते.

आमच्यात कुत्र्याची वाटणी होत नाही. मेंढरं वाटायची, घोडी वाटायची, भांडीकुंडी वाटायची. कुत्र्याला मात्र दोन कळपांच्या मध्ये सोडायचं. ते ज्या कळपात जाऊन बसेल, त्याचं. दोरी लावायची नाही, भाकरी दाखवायची नाही. हाक मारायची तेवढी मुभा. त्याच्यावर सौदा करणं तर फारच वाईट समजायचे. राखणदार विकला तर बिरोबा कळपावरची नजर काढून घेतो, असं आमचे लोक मानायचे.

सगळे मला म्हणायचे, "तुला कशाची काळजी? तुझी हाक ऐकली की धावतोय." मीही तसंच सांगत फिरायचे. पण मला खरं माहीत होतं.

लोकर धुवायला आम्ही दोघी ओढ्यावर गेलो होतो, तेव्हा मी काकीला सांगितलं.

"काकी, गुण्या माझा न्हाई."

"म्हंजी गं?"

"तो काळतोंडीचा हाय. मला झोप लागली की उठून तिच्याकडं जातो. परवा मी मुद्दाम बघितलं. काळतोंडी वरल्या अंगाला गेली आणि मी खालून हाक मारली. त्यानं माझ्याकडं बघून शेपटी हलवली, आणि गेला वर."

काकीनं लोकरीचा पिळा दगडावर ठेवला. "ती म्हातारी झाली, दात पडलेत तिचं. म्हनून तिच्या मागं ऱ्हात असंल."

"वाटणीत ती तुमच्याकडं आली तर?"

"हौसे, ऐक. आबांना सांग, काळतोंडी आपल्याकडंच ठेवा म्हनावं. म्हाताऱ्या मेंढीसाठी कोन अडून बसनार हाय? आणि हे दुसऱ्या कुनाला बोलू नगंस."

"तू बोलशील? तात्याला?"

"माझ्या गळ्याची आन," ती म्हणाली आणि गळ्याला चिमटीत धरून दाखवलं.

त्याच संध्याकाळी आबा काठीला तेल लावत बसले होते. मी जवळ जाऊन म्हणाले, "आबा, काळतोंडी आपल्याकडं ठेवाल?"

"म्हातारी? कशाला गं?"

"मला आवडती ती."

आबांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "बरं. ठेवू," म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी आईच्या दोन हाकांना ओ न देता माळावर गुण्याबरोबर पळत सुटले.

दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी वाटणी झाली. आमच्या वाड्याचे, म्हणजे एकत्र हिंडणाऱ्या सगळ्या बिऱ्हाडांचे कारभारी म्हाकूदादा मध्ये घोंगडी टाकून बसले. जाळीचं तोंड उघडून मेंढरं एकेक सोडत होते, एक आबांकडं, एक तात्याकडं. मी गुण्याच्या गळ्यात हात टाकून बाजूला बसले होते. पांढऱ्या मेंढ्यासाठी चिठ्ठी टाकायची असं आधी ठरलं होतं. आटपाडीच्या बाजारातून आणलेला, रुंद छातीचा, शिंगांना दोन वेढे असलेला मेंढा. तसा नर आजूबाजूच्या चार वाड्यांत नव्हता. पण चिठ्ठी टाकलीच नाही. तो सरळ आमच्या बाजूला आला. आईचा चेहरा उजळला. मला मेंढ्याशी काही कर्तव्य नव्हतं. मी काळतोंडीकडं बघत होते.

म्हातारी, लंगडी मेंढरं शेवटी राहिली. आबांनी काठीनं काळतोंडीच्या ढुंगणाला हलकेच डिवचलं. ती चालत तात्याच्या बाजूला गेली.

"आबा," मी उठले. "काळतोंडी."

"बस खाली."

"आबा, तुम्ही म्हनाला हुता."

"तात्यानं मागितली," आबा म्हणाले. "दात पडल्याली मेंढी. तिच्यापायी भावासंगं भांडू काय?"

मी काकीकडं बघितलं. ती डोक्यावरचा पदर खाली ओढून घोड्याचा दोर बांधत होती, बांधलेलाच दोर पुन्हा बांधत होती.

बारा वर्षांच्या मुलीला हिशेब जुळवायला वेळ लागत नाही. दात पडलेली मेंढी तात्या कशाला मागेल? ती कशासाठी मागायची, हे दोघींनाच माहीत होतं. मी बोलले नव्हते.

"पोरी, कुत्रं सोड," म्हाकूदादा म्हणाले. "आणि मार हाक. तू पाळलंयस."

मी हात काढून घेतला आणि आमच्या कळपापाशी येऊन उभी राहिले. गुण्या मध्ये एकटाच. दोन्हीकडं बघत, जीभ बाहेर काढून. इतकी माणसं आपल्याकडं का बघतायत ते त्याला कळत नसावं.

"गुण्या," मी म्हणाले. "ये."

तो आला. हे मला अजून स्पष्ट दिसतं, तो माझ्याकडं आला, पंधरा-वीस पावलं, कान मागं टाकून. मी गुडघ्यावर बसून हात पसरले. तेवढ्यात पलीकडून काळतोंडी ओरडली. तिला नवीन कळपात चुकल्यासारखं झालं असेल, म्हातारीच ती. गुण्या थांबला. माझ्याकडं बघितलं, शेपटी हलवली.

"गुण्या, ये ना."

तो वळला आणि गेला. जाऊन काळतोंडीच्या पायाशी बसला आणि तिथून माझ्याकडं बघत राहिला, जणू मीच तिकडं यावं.

"झालं," म्हाकूदादा म्हणाले. "सिदूचं कुत्रं." सिदू म्हणजे तात्या.

कुणीतरी म्हणालं, "एवढं जीव लावलेलं, पण जात कुत्र्याची." आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बघितलंस न्हवं? जनावर हाय ते. त्याला तुझं काय?"

मी तो हात झटकला नाही. उलट क्षणभर त्या हाताखाली उभी राहिले, कारण दुसरं काही धरायला नव्हतं. मग पळत काकीकडं गेले.

"तू सांगितलंस."

काकीनं पदर वर केला. तिचे डोळे लाल होते. तिनं तोंड उघडलं, माझ्या डोक्यावरून मागं कुठंतरी बघितलं आणि तोंड मिटलं. मला वाटलं, हिला माझ्या नजरेला नजर देता येत नाही.

"गळ्याची आन घेतली हुतीस."

"हौसे, मी त्याला सांभाळीन," ती हळू म्हणाली. "उपाशी ठेवायची न्हाई."

"तुला कधी पोर हुनार न्हाई," मी म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बघ तू. कधीच हुनार न्हाई."

आईनं येऊन माझ्या थोबाडीत मारली. काकीनं बिऱ्हाड लादलेलं घोडं हलवलं आणि ते लोक चालायला लागले. गुण्या कळपाच्या मागं, दोनदा वळून बघत. मी हाक मारली नाही.

त्यानंतर एकतीस वर्षं मी काकीशी बोलले नाही. लग्नात ती आली होती, माझ्यासाठी हिरवी चोळी घेऊन, ती मी दुसऱ्या कुणाला देऊन टाकली. माझा नवरा बारामतीजवळ साखर कारखान्यात कामाला होता, त्यामुळे मी वाड्यातून, मेंढरांतून कायमची सुटले. त्यानंच मला लिहायला-वाचायला शिकवलं. पुढं आई गेली, आबांना मुलगा नसल्यामुळे ते माझ्याकडं राहायला आले. त्यांना मी जपलं. सगळ्यांनी मला सोडलं तेव्हा डोक्यावर हात ठेवणारा तो एकच माणूस होता, असं माझ्या मनात होतं.

तात्या वारला तेव्हा आबांना गुडघ्यांमुळे जाणं जमेना. "तू जाऊन ये दहाव्याला," ते म्हणाले. "रक्ताचं हाय."

काकीनं म्हसवडच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या होत्या. मेंढरं केव्हाच विकलेली. माणसं पांगल्यावर ती आणि मी दोघीच उरलो. तिचे केस पांढरे झाले होते. मूल झालं नव्हतंच.

बोलायचं म्हणून मी म्हणाले, "गुण्या किती वर्षं होता?"

"नऊ. काळतोंडी दुसऱ्याच साली गेली. त्यानं चार दिवस पानी घेतलं न्हाई. मग माझ्या अंथरुणाशी येऊन पडला, तो मरूस्तवर." ती थोडी हसली. "हाक मारायची झाली तर मी 'हौसाचा गुण्या' म्हनायची. लगेच कान टवकारायचा."

मला ते ऐकवेना. "काकी, तू तात्याला का सांगितलंस?"

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. "तुला अजून तसंच वाटतंय? मला वाटलं, इतक्या वर्सांत तुझ्या आईनं तरी सांगितलं असंल."

"काय?"

"ह्यांनी काळतोंडी मागितली न्हवती. तुझ्या आबांनी दिली."

"आबांनी? कशाला?"

"आबांना तो पांढरा मेंढा पायजे हुता. चिठ्ठी टाकली असती तर आमच्याकडंबी आला असता. ह्यांना कुत्रं पायजे हुतं, कोकणच्या वाटंला आम्ही दोघंच, लांडगं लय. दोघा भावांनी आदल्या दिवशीच ठरवलं. मेंढा तुमाला, कुत्रं आमाला. पन कुत्र्याचा सौदा म्हाकूदादासमोर कसा बोलनार? मग आबाच म्हनाले, काळतोंडी तुझ्याकडं घालतो. कुत्रं आपल्या पायानं येतंय बघ."

"पण काळतोंडीचं मी फक्त तुला सांगितलं होतं."

"अगं, त्यांनी त्याला तिच्या कासंला लावलं हुतं. त्यांना कुनी सांगायला पायजे हुतं का?"

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. मी त्या मेंढीचं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं. तरी मला हे कधी सुचलं नव्हतं.

"ह्यांनी मला त्या दिवशी सकाळी सांगितलं," काकी म्हणाली. "मी म्हनलं, पोरीला तरी सांगा. तर म्हनले, आमचा थोरला म्हनतोय पोर हाय, आठ दिवसांत विसरंल. कुत्रं आपनहून गेलं म्हनलं की रडून मोकळी हुईल."

"मी तुला विचारलं होतं. तोंडावर. तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मागं आबा हुभं. आणि बोलले असते, मग? मी तर चालले हुते, हौसे. तुला त्यांच्याच घरात ऱ्हायचं हुतं अजून."

मी मान खाली घातली. मला तिची माफी मागायची होती, त्या एका वाक्याची. ती उठून चहाचं आधण ठेवायला गेली आणि तिकडूनच म्हणाली, "तू बोललीस ते मी कधी मनावर घेतलं न्हाई. लेकराचं बोलनं ते."

म्हणजे ते तिला एकतीस वर्षं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी पोहोचले. आबा अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होते. दहावं कसं झालं, कोण कोण आलं, सगळं विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, "सुंद्री बरी हाय?"

"बरी आहे. आबा, तुमच्या वाटणीत पांढरा मेंढा आला होता. आठवतो?"

त्यांचा चेहरा एकदम तरुण झाला. "आठवतो म्हंजी? आटपाडीचा. शिंगं अशी, दोन वेढं. त्याची पिलावळ बघायला लोक फलटणवरनं यायची. सात वर्सं हुता आपल्याकडं. तसला नर पुन्हा बघितला न्हाई मी."

"आणि गुण्या?"

"कोन?"

"गुण्या. आपलं कुत्रं."

आबांनी शेंग फोडता फोडता आठवायचा प्रयत्न केला. सोंग करत नव्हते. खरंच आठवून बघत होते. "लय कुत्री झाली आपल्याकडं," शेवटी म्हणाले. "कुठलं म्हंतीस तू? त्यो कान तुटल्याला?"

"नाही," मी म्हणाले. "तो नाही."

त्यांनी सोललेले दाणे माझ्यापुढं केले. मी घेतले नाहीत, पदराला हात पुसून आत गेले आणि पिठाचा डबा काढला.

आबा त्यानंतर सहा वर्षं जगले. त्यांचं पथ्यपाणी, औषधं, अंघोळ, शेवटच्या महिन्यातलं सगळं मी केलं. कुणी बोट ठेवावं असं काही राहू दिलं नाही. फक्त त्यांना 'आबा' अशी हाक मी पुन्हा मारली नाही. ताट ठेवलं की "वाढलंय" म्हणायचे. शेजारी यायचे ते म्हणायचे, लेक असावी तर अशी. आबाही मान हलवायचे.

त्यांच्या ते कधी लक्षात आलं की नाही, कोण जाणे. त्यांनी विचारलं नाही.